पायथ्याशी या, डबे घेऊन जा

"येत्या रविवारी मी सिंहगड चढणार! पायानं चढणार! आणि मंगळवारी याच वर्गात उभा राहून, वरून काय काय दिसतं ते तुम्हाला सांगणार!"

सीताराम गुरुजींनी चौथीच्या वर्गापुढे ही घोषणा करताना टेबलावर अशी काही मूठ आपटली की खडूंचा डबा उडाला, पट्टी खाली पडली आणि मागच्या बाकावर डुलक्या घेणारं एक पोरगं दचकून उभं राहिलं नि "हजर!" म्हणालं.

आता दिग्रसच्या एका शाळामास्तराला एवढी मूठ आपटायचं कारण काय, ते सांगायला हवं. गुरुजी वर्षानुवर्षं चौथीला इतिहास शिकवत होते. चौथीचा इतिहास म्हणजे शिवाजी महाराज, आणि गुरुजींच्या लेखी त्यातला सर्वांत मोठा धडा म्हणजे सिंहगड! बाकीचे धडे ते शिकवत. हा धडा ते करून दाखवत. वर्गातलं लोखंडी कपाट म्हणजे कडा. शर्टाच्या बाह्या सारून, खुर्चीवर पाय देऊन गुरुजी त्या कपाटावर चढत, वरून अशी गर्जना करत की शेजारचा तिसरीचा वर्ग पाढे विसरे. मग खाली उतरता येत नाही म्हणून शिपाई शिडी घेऊन येई. दिग्रसची पोरं इंजिनियर झाली, डॉक्टर झाली, सगळा इतिहास विसरली, पण हा धडा विसरली नाहीत.

या वर्षी मात्र घोटाळा झाला. गुरुजी कपाटावर असतानाच प्रियदर्शनी नावाच्या एका चुणचुणीत मुलीनं हात वर केला.

"गुरुजी, त्या गडावरून काय काय दिसते?"

गुरुजींनी समोर पाहिलं. कपाटावरून त्यांना फक्त छताचा पंखा दिसत होता.

"तुम्ही गेलेच असाल ना, गुरुजी?"

गुरुजी सिंहगडावर तर सोडाच, पुण्यालाही कधी गेले नव्हते! पण खोटं बोलायची सवय नसलेला माणूस. "नाही गेलो," एवढंच म्हणाले आणि शिडीची वाट बघत बसले. पोरं हसली असती तर गुरुजींनी दोन धपाटे घालून विषय मिटवला असता, पण ती बिचारी हसलीसुद्धा नाहीत, आणि तेच त्यांच्या जिव्हारी लागलं. त्या दिवसापासून गुरुजींचं जेवणात लक्ष लागेना.

अशात पुण्याहून भाचीचा, उत्कर्षाचा फोन आला. ती हडपसरला एका कॉम्प्युटर कंपनीत होती. नवा फ्लॅट घेतला होता, शनिवारी वास्तुशांत होती, मामानं यायलाच हवं होतं. गुरुजींना आभाळ ठेंगणं झालं! शनिवारी वास्तुशांत, रविवारी सिंहगड, रविवारी संध्याकाळी स्वारगेटहून परतीची ट्रॅव्हल्स. बेत असा चोख बसला की त्यात बोट घालायला जागा नव्हती.

गुरुजींची चूक एकच झाली. त्यांनी हा बेत सगळ्या गावाला सांगितला.

ते दिवसच तसे होते. कॉम्प्युटरचं वारं सुटलं होतं आणि दिग्रसमध्ये घरटी एक पोर पुण्याला जाऊन बसलं होतं. कोणी हिंजवडीला, कोणी कर्वेनगरला होस्टेलवर, कोणी खडकीला काकांकडे. अशा गावात पुण्याला निघालेला माणूस स्वतःचा राहत नाही. तो टपालखात्याचा होतो. त्यातून संक्रांत तोंडावर!

पहिल्या आल्या आयुषच्या आई, गजभियेबाई. "गुरुजी, पुण्याला जाऊन राहिले म्हणे? आयुषसाठी थोडे तिळाचे लाडू देते. हलकेच आहेत, बापा."

लाडू खरंच हलके होते. लाडवांचा डबा पितळेचा होता.

मग चैतालीच्या आजी आल्या. त्यांनी जवसाची चटणी, लोणच्याची भरणी आणि कुरडया आणल्या. "कुरडया तेवढ्या मांडीवर घ्या गुरुजी, नाही तर चुरा होते." मग कोणी बोरकूट आणलं, कोणी मुगाच्या वड्या, कोणी खडकीच्या भावासाठी लोणच्याची आणखी एक भरणी, कोणी आंबाडीचं काहीतरी, ज्याचा वास सबंध गल्लीला कळला. द्वारकाबाईंनी, म्हणजे गुरुजींच्या बायकोनं, प्रत्येकीला चहा पाजला आणि प्रत्येकीचं सामान घरात घेतलं. नाही म्हणायला त्या कधी शिकल्याच नव्हत्या.

"अगं, पण मी गड चढायला चाललो आहे!" गुरुजी ओरडले.

"मग चढा की! पोरं येऊन घेऊन जातील आपापलं. तुम्हाला काय त्रास?"

शुक्रवारी ट्रॅव्हल्समध्ये बसले तेव्हा गुरुजींपाशी दोन पोती, एक पिशवी आणि मांडीवर कुरडया होत्या. स्वतःचे म्हणून एक जादा शर्ट आणि गड चढण्यासाठी घेतलेले पांढरे कॅनव्हासचे बूट!

वास्तुशांत झकास झाली. दुपारी जेवणं आटोपल्यावर गुरुजींनी उत्कर्षाचा मोबाईल मागून घेतला. इनकमिंग नुकतंच फुकट झालं होतं, त्यामुळे पुण्यातली सगळी तरुण मंडळी फोन घ्यायला एका पायावर तयार होती. यायला मात्र कोणीच तयार नव्हतं.

"गुरुजी, उद्या दुपारी आलो तर चालेल ना? संडेला जरा उशिरा उठतो," आयुष म्हणाला.

"गुरुजी, मी इव्हिनिंगला येते. सकाळी कपडे धुवायचे असतात," चैताली म्हणाली.

गुरुजींनी भाचीकडे पाहिलं. "उत्कर्षा, हे सगळं तुझ्याकडे ठेवून जातो. पोरं घेऊन जातील."

"मामा, आम्ही पहाटेच जेजुरीला निघतोय. नव्या घराचं पहिलं दर्शन! फ्लॅटला कुलूप असणार."

"मग खाली वॉचमनकडे?"

वॉचमननं पोत्यांकडे पाहिलं, वास घेतला आणि मान हलवली. "पार्सल ठेवायचं अलाऊड नाही. कमिटीला विचारा."

"कमिटी कधी भेटेल?"

"पुढच्या महिन्यात मीटिंग आहे."

दुसरा कोणी असता तर गड सोडून सामान वाटत हडपसर ते हिंजवडी फिरला असता. पण गुरुजी पेटलेले होते! रविवार हातचा जाऊ द्यायचा नाही म्हणजे नाही. त्यांनी डोळे मिटले, मिशीवरून हात फिरवला आणि पुन्हा फोन उचलला.

"आयुष, ऐक! उद्या सकाळी सातच्या आत सिंहगडाच्या पायथ्याशी यायचं. डबा तिथं मिळेल. नंतर मी गडावर असेन!"

"पायथ्याशी? गुरुजी, मी हिंजवडीला राहतो! पुण्याच्या दुसऱ्या टोकाला!"

"शाळा किती वाजता भरायची आपली?"

"सातला, गुरुजी."

"मग?"

हा हुकमी एक्का होता. दिग्रसहून पुण्याला आलेली ही सगळी पोरं गुरुजींच्या हाताखालून गेलेली होती. कॉम्प्युटरपुढे बसून अमेरिकेशी बोलत असतील, पण गुरुजींनी "मग?" म्हटलं की आपोआप कान पकडायला हात जायचा. एकेकाला फोन झाला. पायथ्याशी या, डबे घेऊन जा!

"मामा," उत्कर्षा म्हणाली, "लोणच्यासाठी कोणी गडाच्या पायथ्याशी येतं का?"

"येतील! सातपर्यंत वाटप उरकतो आणि रिकाम्या हातानं चढायला लागतो. बघशील तू!"

रविवारी उजाडता उजाडता गुरुजी दोन पोत्यांसकट स्वारगेटहून सुटणाऱ्या सिंहगडाच्या बसमध्ये चढले. कंडक्टरनं त्यांना वरून खाली न्याहाळलं.

"गडावर राहायलाच निघालात का?"

"नाही, चढून परत येणार आहे."

"अस्सं. मग बिऱ्हाड दारातून आत घ्या. लोकांना चढायचंय."

पायथ्याशी उतरून गुरुजींनी वर पाहिलं. तोच तो गड! धुक्यातून वर आलेला, काळा, उंच. इतकी वर्षं कपाटावरून दाखवलेला! त्यांनी हात जोडले. मग एका झाडाखाली पोती टेकवली, कॅनव्हासच्या बुटांच्या नाड्या आवळल्या आणि छाती काढून उभे राहिले.

आणि कमाल म्हणजे पोरं आली! सगळ्यांत आधी आला आयुष, दोन मित्रांना घेऊन. डोळे सुजलेले, केस उभे, पण सातच्या आत! वाकून नमस्कार केला आणि जाकिटातून तीन रिकामे डबे काढून पुढे केले.

"हे काय?"

"आईचे आधीचे डबे, गुरुजी. तुम्ही परत जाऊनच राहिले ना, म्हणून आणले. रिकामे आहेत. हलकेच आहेत."

गुरुजींनी लाडवांचा डबा दिला, रिकामे डबे पोत्यात टाकले. आयुषनं गडाकडे पाहिलं. मित्रांकडे पाहिलं.

"गुरुजी, दोन वर्षं झाली पुण्याला येऊन, सिंहगड नाही पाहिला बघा. एवढ्या सकाळी उठलोच आहे तर चढूनच येतो. पितळेचा डबा घेऊन कुठं चढू? राहू द्या तुमच्यापाशी. तासाभरात आलोच!"

वर जाकीटही ठेवलं. मोबाईल त्यातच. मित्रांनी हेल्मेटं ठेवली. त्या काळात पुण्यात हेल्मेटची सक्ती अधूनमधून यायची आणि जायची. नेमकी त्या आठवड्यात आलेली होती.

गुरुजींना वाईट वाटलं नाही. उलट ऊरच भरून आला. आपला विद्यार्थी गड चढायला निघाला! "जा बेटा! जपून! आणि वर जाऊन घोषणा द्या!" ते म्हणाले. मनात म्हणाले, बाकीचे येऊ दे, की मी निघालोच.

मग चैताली आली. सोबत होस्टेलच्या मैत्रिणींचं पथकच! जवसाची चटणी बघून तिच्या डोळ्यांत पाणी आलं. बोट बुडवून तिथंच चाटली. मग गडाकडे पाहून म्हणाली, "गुरुजी, तो कपाटाचा धडा आठवते ना! आज खराखुरा चढून येते. ही भरणी तेवढी बघा हं. आणि या आमच्या सॅक. आणि कुरडयांवर कोणी बसणार नाही एवढं बघा."

तेच पुढच्याचं. तेच त्याच्या पुढच्याचं. जो येई तो डबा घेई, डोळे पुसे, डबा परत गुरुजींपाशी ठेवी, वर आपलं सामान ठेवी आणि गड चढायला लागे! सातपर्यंत रिकामी होणारी पोती आठच्या सुमारास फुगून टम्म झाली. भोवती हेल्मेट, सॅक, जाकिटं, एक गिटार आणि रिकाम्या डब्यांचा ढीग. दिग्रसची यच्चयावत पोरं गडावर, आणि ज्यांनी सगळ्यांना बोलावलं ते गुरुजी झाडाखाली!

"वा रे वा!" गुरुजी स्वतःशीच म्हणाले. "असं कसं? सामानासकट चढतो!"

निश्चय म्हणजे निश्चय. त्यांनी हेल्मेटं, सॅक आणि गिटार झाडाआडच्या खबदाडात सारली, एक पोतं पाठीला बांधलं, एक पोटाला बांधलं, कुरडया डोक्यावर घेतल्या आणि निघाले. बाजूला दह्याची मडकी घेऊन वर निघालेली मुक्ताबाई नावाची एक बाई कौतुकानं बघत होती.

"गुर्जी, दुकान टाकायचंय का वर?"

"बाई, तुम्ही एवढं सामान सांभाळाल का हो? तासभर फक्त!"

"माजं दही कोन इकंल मग? वर समदी गिऱ्हाइकं खोळंबली असतील. रविवार हाय!" असं म्हणून ती मडक्यांसकट तुरुतुरु वर गेलीसुद्धा.

गुरुजी पहिल्या वळणापर्यंत पोचले. तिथं पोटावरचं पोतं सुटलं. पितळेचा डबा दगडावर आपटला, झाकण उडालं आणि आयुषचे तिळाचे लाडू वाटेवर गडगडत निघाले. गुरुजी मटकन बसले आणि दोन्ही हातांनी उरलेले लाडू सावरू लागले. तेवढ्यात वरून उतरणाऱ्या एका जोडप्यानं ते दृश्य पाहिलं. वाटेत बसलेला वडीलधारा माणूस, पुढ्यात पितळेचा डबा, हातात तिळगूळ!

"अय्या, किती गोड! संक्रांतीचा तिळगूळ वाटताहेत!" बाई म्हणाल्या. दोघं वाकली, पाया पडली आणि हात पुढे केले.

आता संक्रांतीच्या दिवसांत पुढे केलेल्या हातावर तिळगूळ ठेवायचा नाही, हे मराठी माणसाला शक्य आहे का? गुरुजींनी लाडू ठेवला. "गोड बोला," असं तोंडातून आपोआप निघालं. मागून आणखी चौघं आले, ते रांगेत उभे राहिले. त्यांच्या मागे एका कंपनीची आख्खी टीम आली. एकानं तर लाडू खाऊन "काका, अजून एक? बायको मागं राहिलीय," असंही म्हटलं. बघता बघता डबा चाटूनपुसून साफ झाला! आयुषच्या आईला कोणत्या तोंडानं भेटणार, या विचारानं गुरुजींना घाम फुटला. लोणच्याची भरणी फुटायच्या आत ते पोत्यांसकट गुमान खाली आले.

खाली येऊन पाहतात तो झाडाखाली त्यांची वाट बघत माणसं उभी!

"काका, सामान इथंच ठेवायचं ना?" एक चष्मेवाला तरुण विचारू लागला.

"कोणी सांगितलं?"

"ती हेल्मेटं दिसली ना तिकडं खबदाडात. एवढीच ठेवतो, वीस मिनिटांत येतो."

"अहो, मी सामानवाला नाही! मी गड चढायला आलो आहे!"

"हो हो, आम्ही पण," असं म्हणून त्यानं हेल्मेट ठेवलं आणि गेला. मागोमाग दुसरा. मग तिघं एकदम आले आणि सामान कसंही फेकू लागले. आता एकवेळ वाघ गवत खाईल, पण गुरुजींना बेशिस्त बघवायची नाही.

"ए! रांगेत! ढकलाढकली नाही! हेल्मेट इकडे, सॅक तिकडे! तू, नाव सांग! मोठ्यानं!"

एवढं बोलून गुरुजी फसले. त्यांनी खिशात हात घातला, तर खिशात खडू होता. मास्तराच्या खिशात खडू नसेल तर काय असेल! पुढच्या पाच मिनिटांत प्रत्येक हेल्मेटवर आकडा पडला, प्रत्येक सॅकवर आकडा पडला आणि आकडा नीट लक्षात ठेवण्याची सक्त ताकीद देऊन माणसं वर रवाना झाली. झाडाखालच्या त्या व्यवस्थेकडे बघून रस्त्यावरून जाणारी एक बाई नवऱ्याला म्हणाली, "बघा, किती सुधारणा झाली आहे सिंहगडावर!"

तेवढ्यात आयुषचं जाकीट वाजायला लागलं. गुरुजींनी चाचपून मोबाईल काढला.

"आयुष? डबा भेटला का रे?" गजभियेबाई!

"मी सीताराम गुरुजी बोलतो. डबा पोचला, बाई." लाडवांबद्दल त्यांनी चकार शब्द काढला नाही.

"पोरगा कुठं आहे?"

"तो गडावर गेला आहे."

"गडावर? काऊन? त्याले सर्दी आहे ना! काही खाल्लं का त्यानं? तुम्हीच पाठवला का?"

"मी नाही, तो स्वतःच—"

"आणि तुम्ही कुठं आहे?"

"मी... खाली."

"बरं बरं. तुम्ही आहे तर काळजी नाही," असं म्हणून बाईंनी फोन ठेवला आणि बातमी गल्लीत सोडली. मग फोनचा ताबा सबंध दिग्रसनंच घेतला. चैतालीच्या आजी, बोरकूटवाल्या काकू, मुगाच्या वड्यांच्या मावशी. सगळ्यांना एकच सांगायचं होतं. पोरांकडे लक्ष ठेवा!

ऊन डोक्यावर आलं. एकही पोर उतरायचं नाव घेईना. गुरुजी वाटेकडे डोळे लावून बसले होते, एवढ्यात गडावरून काठी टेकवत एक ताठ म्हातारे गृहस्थ उतरले आणि त्यांच्यापुढे येऊन थांबले.

"सीताराम का? मी तात्याराव. माझं लोणचं."

गुरुजींचा जीव भांड्यात पडला! तात्याराव मूळचे दिग्रसचेच. खडकीच्या दारूगोळ्याच्या कारखान्यात नोकरीला लागले, तिथंच निवृत्त झाले आणि आता अस्सल पुणेकरांनाही लाजवतील इतके पुणेकर झाले होते. त्यांच्या बहिणीनं लोणचं पाठवलं होतं. दर रविवारी पहाटे गड चढायचा त्यांचा नेम.

"तात्याराव, देवासारखे आलात! एवढं सामान बघता का? मी पळत जातो, पळत येतो. आयुष्यभराची इच्छा आहे हो माझी!"

तात्यारावांनी भरणी उघडली, वास घेतला, झाकण लावलं. "आपली इच्छा उत्तम आहे. माझी जेवणाची वेळ झाली आहे."

"अर्धा तास फक्त!"

"अर्ध्या तासात गड होत नाही. आणि जेवणानंतर मी झोपतो. झोपेतून उठल्यावर बोलावलंत तर विचार करीन."

"निदान एवढं तरी सांगा, वरून काय काय दिसतं?"

"वर जाऊन बघा की. तिकीट नाही," असं म्हणून तात्याराव काठी टेकवत बसच्या थांब्याकडे चालू लागले. लोणच्याची एक भरणी तेवढी कमी झाली. दिवसभरात मालकाच्या घरी निघालेलं ते पहिलं सामान!

आणि पोरं उतरली कधी? ऊन कलल्यावर! उतरली तीसुद्धा हसत, खिदळत, घोषणा देत. वर पिठलं-भाकरी खाल्ली, कांदाभजी खाल्ली, मुक्ताबाईचं दही खाल्लं, सावलीत डुलकी काढली. मुख्य म्हणजे गावाकडची इतकी मंडळी पुण्यात असून एकमेकांना कधी भेटली नव्हती, ती आज भेटली. चैतालीनं म्हणे टोकाला उभं राहून कपाटाचा धडा जसाच्या तसा करून दाखवला आणि अनोळखी लोकांनी टाळ्या वाजवल्या.

"वरून काय दिसलं रे?" गुरुजींनी घोगऱ्या आवाजात विचारलं.

"धरण दिसलं!" कोणी म्हणालं.

"आख्खं पुणं!" दुसऱ्यानं सांगितलं.

"आणि अर्ध्या वाटेवरून तुम्ही दिसून राहिले होते, गुरुजी!" आयुष आनंदानं ओरडला. "पांढरे बूट आणि भोवती सामान! आम्ही किती हात हलवले! तुम्ही पाहिलंच नाही!"

गुरुजींनी मान खाली घातली. तेव्हा कुठे पोरांच्या डोक्यात प्रकाश पडला. हसणं थांबलं. चैतालीनं विचारलं, "गुरुजी, तुम्ही वर गेलेच नाहीत?"

"तुमचं सामान होतं ना."

आपापलं सामान ओळखून घेणारी अनोळखी मंडळीही हळू आवाजात बोलू लागली. आयुषनं खिशातून मोटारसायकलची किल्ली काढली.

"बसा, गुरुजी! गाडीरस्ता आहे वरपर्यंत. वर नेतो, टोकावरून सगळं दाखवतो आणि तुमच्या ट्रॅव्हल्सच्या आत स्वारगेटला सोडतो. चला!"

गुरुजींनी गडाकडे पाहिलं. धुकं केव्हाच निवळलं होतं. तो कडा, ती वाट, सगळं उन्हात लख्ख दिसत होतं. मोटारसायकलही समोर उभी होती. त्यांनी एक पाय टाकलासुद्धा! पण दुसरा पाय जमिनीवरून उचलेना.

"नको," ते म्हणाले आणि पाय परत घेतला. "चढणार, असं मी वर्गात सांगितलं आहे. मागं बसून जाणार असं नाही सांगितलं."

"पण गुरुजी, वर्गाला काय कळते?"

"मला कळतं ना!" आणि ते एवढ्या जोरात म्हणाले, की आयुष चार पावलं मागे सरला. मग गुरुजींनी आवाज खाली आणला. "आणि तुझे लाडू संपले. मी वाटले. रागावू नको."

पोरांनी त्यांना स्वारगेटला आणून सोडलं. दोन्ही पोती रिकाम्या डब्यांनी गच्च भरलेली. एकेकानं वाकून नमस्कार केला. चैताली तर रडली. ट्रॅव्हल्स सुटायला अवकाश होता, म्हणून गुरुजींनी कोपऱ्यावरच्या एसटीडी बूथमधून घरी फोन लावला. मनाशी पक्कं ठरलं होतं. वर्गाला सरळ सांगायचं, चढलो नाही, पण चढणार! येत्या उन्हाळ्यात चढणार! एकट्यानं येणार, कोणालाही न सांगता येणार, हातात रुमालसुद्धा नसेल!

"अहो, ऐकलं का!" द्वारकाबाईंचा आवाज आनंदानं फुटत होता. "गावभर तुमचं नाव झालं आहे! तुम्ही सगळ्या पोरांना गोळा करून गड चढवला, कोणाची कुरडईसुद्धा मोडू दिली नाही. गजभियेबाई तर हेडमास्तरांच्या घरीच जाऊन सांगून आल्या!"

"बरं. मग?"

"हेडमास्तर आत्ताच येऊन गेले. पुढच्या महिन्यात शाळेची सहल सिंहगडाला ठरली! चौथीचा आख्खा वर्ग जाणार! आणि तुम्हाला जायचंच आहे म्हणे!"

गुरुजींचे पाय जमिनीवर ठरेनात. काचेच्या त्या बूथमध्ये ते ताठ उभे राहिले. मुलांसोबत! पायानं! सगळ्यांच्या पुढे! त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. "खरं सांगतेस? माझं नाव आहे? नक्की?"

"पहिलं नाव तुमचं! हेडमास्तर म्हणाले, पोरांना वर न्यायला बाकीचे मास्तर आहेत. पण खाली सामान सांभाळायला सीताराम गुरुजींसारखा माणूस मिळायचा नाही!"